मामाचा प्रश्न आणि १९६२ सालचा निकाल

परवा मामेबहिणीचा फोन आला. मानसशास्त्रात एम.ए. झालंय, आता अमेरिकेत जाऊन क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करायची म्हणते, तीसुद्धा कोर्टकचेरीवाली, म्हणजे फोरेन्सिक. मामाचं म्हणणं एकच: "डॉक्टर तर होणार नाही ना? मग कोर्टात तिचं ऐकणार कोण?" मी पडलो आयटीवाला. पण शनिवार मोकळा होता, बसलो खणत. बघतो तर काय, हाच प्रश्न १९६२ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात येऊन गेलेला!

खटला होता जेन्किन्स विरुद्ध अमेरिका. घरात घुसून बलात्काराच्या इराद्याने हल्ला केल्याचा आरोप, घटना १९५९ ची. बचाव असा की तो मनोरुग्ण होता. गुन्हा मानसिक आजारातून घडला असेल तर आरोपी जबाबदार नाही, असा तिथे १९५४ पासून नियम होता. तीन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी भेटी घेऊन, चाचण्या करून साक्ष दिली: स्किझोफ्रेनिया. आणि शेवटी न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, आजाराबद्दलचं यांचं मत विसरा, हे वैद्यकीय मत देऊ शकत नाहीत. झालं, माणूस दोषी.

अपिलात खरी जुंपली. मानसशास्त्रज्ञांची संघटना एका बाजूला, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची दुसऱ्या बाजूला. दोघींचं लघुनाम एपीए, हा आणखी घोळ! (डॉक्टरमंडळींना आपल्या अंगणात कोणी नको होतं, असं माझं मत.)

न्यायमूर्ती डेव्हिड बॅझेलॉन यांनी निकालात लिहिलं त्याचा मथितार्थ असा: वैद्यकीय पदवी नाही एवढ्यावरून कोणाला बाद करता येणार नाही. पण नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घेणंही पुरणार नाही. शिक्षण काय, दवाखान्यात किती वर्षं काम केलं, ते बघा. आमच्याकडे इंटरव्ह्यूत कॉलेजचं नाव बघून माणसं घेतात, त्यांना हा निकाल वाचायला द्यावा म्हणतो.

दार उघडलं, मग पुढचं होत गेलं. १९७४ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने कायदा आणि मानसशास्त्र एकत्र शिकवायला सुरुवात केली. फोरेन्सिक ही रीतसर स्पेशालिटी मानली गेली ती मात्र थेट २००१ साली.

मला जास्त आवडला तो १९६७ चा निकाल, वॉशिंग्टन नावाच्या आरोपीचा. लिहिणारे पुन्हा बॅझेलॉनच. तज्ज्ञ येतात, आजाराचं लेबल चिकटवतात आणि जातात, याला ते वैतागले होते. 'गुन्हा आजारामुळेच घडला' असं मनोविकारतज्ज्ञांनी थेट सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं. काय तपासलंत, काय दिसलं, कशावरून म्हणता, ते साध्या भाषेत सांगा. जबाबदार कोण, ते ज्यूरी बघेल.

मामाला १९६२ सांगितलं. "हं," म्हणाला. बहिणीला १९६७ मेल केलं. तिच्या अर्जात पहिलंच वाक्य होतं, 'गुन्हेगार खरंच वेडा आहे की नाही हे मला ठरवायचं आहे.' रात्री नवा मसुदा आला, त्यात ते वाक्य नव्हतं.