प्राणवायूचाही डोस असतो

ज्याच्यावाचून आपण काही मिनिटेही जगू शकत नाही, तो प्राणवायू जास्त झाला तर अपाय करतो हे चटकन पटत नाही. "डॉक्टर, ९४ च दाखवतंय, ऑक्सिजन वाढवा ना!" असा आग्रह नातेवाईक नेहमी धरतात. म्हणून ऑक्सिजनची ही दुसरी बाजू वैद्यकशास्त्राला कशी कळली, ते आज पाहू.

१७७४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती भराभर जळते हे पाहून त्यांनी तेव्हाच शंका मांडली होती, की शुद्ध ऑक्सिजनमध्ये माणसाचे आयुष्यही असेच लवकर संपेल की काय! १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवले, की जास्त दाबाच्या ऑक्सिजनमुळे प्राण्यांना झटके येतात. १८९९ मध्ये जेम्स लॉरेन स्मिथ यांना वेगळेच दिसले. त्याहून कमी दाबाचा, पण हवेपेक्षा बराच जास्त ऑक्सिजन काही दिवस दिल्यावर उंदरांच्या फुप्फुसांनाच सूज आली.

हे का होते? १९५४ मध्ये रिबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या संशोधिकेने सहकाऱ्यांसह सांगितले, की क्ष-किरण आणि जादा ऑक्सिजन एकाच मार्गाने इजा करतात, आणि तो मार्ग म्हणजे फ्री रॅडिकल्स.

डब्यातला चिवडा जुना झाला की खवट लागतो, कारण त्यातल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. आपल्या पेशींच्या आवरणातही अशीच स्निग्धाम्ले असतात. फ्री रॅडिकल्स त्यांच्यावर हल्ला करतात आणि त्यातून मॅलोनडायअल्डिहाइड, हायड्रॉक्सीनोनेनाल असे विषारी पदार्थ तयार होतात. ते आसपासच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवतात. फुप्फुसातल्या नाजूक केशवाहिन्या झिरपू लागतात आणि वायुकोशांत पाणी साचते. शरीराकडे यावर बचावाची विकरे आहेत. पण ऑक्सिजन फार जास्त असेल तर ती अपुरी पडतात.

१९६७ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना, व्हेंटिलेटरवर दीर्घकाळ जास्त ऑक्सिजन मिळून दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत अशीच इजा आढळली.

त्याआधी एक मोठी किंमत मोजून झाली होती. १९४० च्या दशकापासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इन्क्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन दिला गेला आणि जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. कारण समजल्यावर ऑक्सिजनला इतकी कात्री लागली, की श्वासाचा त्रास असलेल्या बाळांचे मृत्यू वाढले. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते!

मग आपण काय लक्षात ठेवायचे?

• आजारपणात ऑक्सिजन लागलेल्या बहुतेक प्रौढांना ९२ ते ९६ सॅच्युरेशन पुरते. १०० गाठण्याची गरज नसते.

• सीओपीडी म्हणजे दम्यासारखा जुनाट श्वसनविकार असेल, तर बऱ्याचदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य असते. अशा रुग्णांत जादा ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते.

• घरच्या कॉन्सन्ट्रेटरवर नाकातल्या नळीने मिळणारा ऑक्सिजन सहसा फुप्फुस जाळण्याइतका तीव्र नसतो. त्यामुळे घाबरून तो बंद करू नका. मात्र डॉक्टरांनी ठरवलेला प्रवाह परस्पर वाढवूही नका.

• सॅच्युरेशन सांगितलेल्या मर्यादेखाली जात असेल, धाप वाढली किंवा रुग्ण झोपाळू झाला, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

ऑक्सिजन हे औषध आहे. ते लागेल तेव्हा, लागेल तितकेच घ्यायचे.