गणिताच्या गोळ्या आणि शिक्षकांच्या नोंदी

फ्रांकफुर्टचे वैद्य हाइनरिश हॉफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक सचित्र वही तयार केली. बाजारातील बालपुस्तके त्यांना पसंत पडली नव्हती. पुढच्याच वर्षी छापली गेलेली आणि नंतर वाढत गेलेली ही वही ‘श्ट्रुव्हलपेटर’ या नावाने जगभर पोहोचली. तीत फिलिप नावाचा एक मुलगा भेटतो. जेवताना त्याला क्षणभर स्वस्थ बसवत नाही; खुर्ची डोलवता डोलवता तो टेबलावरच्या कापडासकट सारे जेवण अंगावर ओढून घेतो. हेच हॉफमान १८५१ मध्ये त्या शहरातील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि आज जर्मन बोलीत अतिचंचलतेच्या विकाराला फिलिपचेच नाव लावतात. मूळ पद्यात मात्र फिलिप रोगी नाही, केवळ द्वाड आहे. आपल्या भाषेतही वांड, व्रात्य, अवखळ, खोडकर अशी विशेषणे मुबलक आहेत. त्यांत कौतुक आहे, संताप आहे, निदान नाही. विशेषणाचे निदान कसे झाले आणि त्यात शिक्षकाच्या शब्दाचा वाटा काय होता, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

१९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांनी केले, आणि त्या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील दोष असे म्हटले. वैद्य बोलत होता, पण शब्द नीतिशास्त्राचा होता. मूल द्वाड की आजारी, याचा निकाल भाषेने अजून दिला नव्हता.

तो पुढे लागला, तोही काहीसा अपघाताने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे, १९३१ मध्ये केवळ मुलांसाठी एक मनोरुग्णालय उघडले. मेंदूज्वराने कायमचे अपंगत्व आलेल्या एमा पेंडलटन ब्रॅडली या मुलीच्या वडिलांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या संपत्तीतून ते उभे राहिले होते. त्याच कुटुंबातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तेथे वैद्यकीय प्रमुख होते. त्या काळी मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्यासाठी कण्यातील द्रव काढून त्या जागी हवा भरीत. त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण रुग्णालयाच्या शाळेतील शिक्षकांना वेगळेच काही दिसले : मुले अभ्यासाला बसू लागली होती.

मग ब्रॅडलींनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले आणि १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली, १५ मुले भावनिकदृष्ट्या शांत झाली, आणि औषध थांबताच परिणामही ओसरला. मुलांनी स्वतःच या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथे औषध आधी आले, आजाराचे आजचे नाव नंतर. पुरावा म्हणून होती ती शिक्षकांची, परिचारिकांची निरीक्षणे आणि मुलांचे स्वतःचे बोल. शिवाय ब्रॅडलींनी बजावले होते की सरसकट वापराने लक्षणे झाकली जातील आणि मुलाच्या त्रासाचे मूळ कारण नजरेआड होईल.

जवळपास पाव शतक या संशोधनाकडे फारसे कोणी वळले नाही. दरम्यान स्विस कंपनी सिबाच्या प्रयोगशाळेत १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार झाले. संशोधकाच्या पत्नीच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, ते पुढे ‘रिटालिन’ म्हणून विकले गेले. १९६८ मध्ये अमेरिकी मनोविकारसूचीत अतिचंचलतेची नोंद झाली. १९८० मध्ये भर चंचलतेवरून लक्ष न लागण्यावर गेला. आणि १९६९ मध्ये कीथ कॉनर्स यांनी औषधांच्या अभ्यासासाठी शिक्षकांची गुणांकन-तालिका प्रसिद्ध केली. ज्या शिक्षकाने पूर्वी वाक्ये लिहिली, त्याच्याकडून आता ‘मुळीच नाही’पासून ‘फारच’पर्यंतच्या रकान्यांत खूण अपेक्षित होती.

या बदलाला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. रकान्यांमुळे तुलना शक्य झाली, एकेका शिक्षकाच्या लहरीला आवर बसला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांच्या अमेरिकी अभ्यासात १४ महिन्यांनंतर असे दिसले की काळजीपूर्वक दिलेले औषध मुख्य लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक गुणकारी ठरते; तीन वर्षांनंतर मात्र गटांमधला तो फरक उरला नाही. म्हणजे औषधाचा उपयोग खरा, त्याची मर्यादाही खरी. गोळीने अनेक मुलांना ‘वाईट’ या शिक्क्यातून सोडवले, हे विसरता येणार नाही. पण रकान्यांत एक गोष्ट मावत नाही : स्वस्थता कोणाला लाभली, मुलाला की वर्गाला? १९७० मध्ये नेब्रास्कातील ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना अशी औषधे दिली जात असल्याच्या बातमीने अमेरिकेत वादळ उठले आणि काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर होता.

साहित्याच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना हा इतिहास परका वाटू नये. मुलाविषयी शिक्षकाने लिहिलेला शेरा पालकांमार्फत डॉक्टरांपर्यंत जातो आणि कित्येकदा उपचाराचा आरंभबिंदू ठरतो. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा आणि ‘दुपारी गोष्ट वाचताना शांत बसतो, शुद्धलेखनाला मात्र दोन ओळींनंतर उठतो’ ही नोंद, यांत अंतर आहे. पहिल्यात आपली नाराजी आहे, दुसऱ्यात मूल आहे. औषध द्यावे की न द्यावे हे वैद्याने ठरवायचे. पण त्याच्या हाती जे वाक्य पडते ते आमच्यासारख्यांनीच लिहिलेले असते. ते लिहिण्यापूर्वी मुलाला काय वाटते हे विचारले गेले का, एवढे तरी आपण तपासले पाहिजे.