डेनेस प्रकरण
डेनेस प्रकरण हा नोव्हेंबर २००१ मधील भारत–दक्षिण आफ्रिका पोर्ट एलिझाबेथ कसोटीतून उद्भवलेला वाद होय. सचिन तेंडुलकर अंगठ्याने चेंडूची शिवण साफ करताना दूरचित्रवाणीवर दिसले. मैदानावरील पंचांची तक्रार नव्हती; तरीही सामनाधिकारी माइक डेनेस यांनी मानधनाच्या ७५ टक्के दंड व एका कसोटीची स्थगित बंदी अशी शिक्षा ठोठावली.

उंच शिवण चेंडूलगतच्या हवेच्या थरात खळबळ माजवते. खळबळता थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो, दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो व चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. म्हणूनच शिवण नखाने उचलणे निषिद्ध आहे. चिखल काढणे मात्र पंचांच्या देखरेखीखाली नियमसंमत आहे. चित्रफितीत बोट दिसते, शिवणीची उंची मोजता येत नाही. चाहत्यांच्या वादाचे मूळ येथेच आहे. पुढील सेंच्युरियन सामन्यात डेनेस नकोत, असा दोन्ही मंडळांनी आग्रह धरल्याने त्याचा अधिकृत कसोटीचा दर्जा गेला.