घरकुल योजना आणि लोकप्रतिनिधींचे उत्तरदायित्व : जळगाव नगरपालिकेच्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

2003 हे वर्ष महाराष्ट्राच्या नागरी इतिहासात दोन शहरांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये जळगाव व जूनमध्ये अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथे नगरपालिकेच्या जागी महानगरपालिका अस्तित्वात आली. अहमदनगरची नगरपालिका 1854 सालची. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांची एक परंपरा संपून नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला. सामान्यतः या बदलाकडे शहराची बढती म्हणून पाहिले जाते. परंतु गोरगरिबांच्या घरांचा प्रश्न फसला तर जाब कोणास विचारावयाचा, या दृष्टीने हा बदल फारसा अभ्यासला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात जळगावच्या घरकुल प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महापौर हा शहराचा प्रथम नागरिक, पण कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती, ही रचना मुंबईच्या इतिहासातून आलेली आहे. 1865 च्या कायद्याने मुंबईत आयुक्तास जवळजवळ अनिर्बंध अधिकार मिळाले. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात शहराची कामे झाली, तशीच तिजोरीही रिकामी झाली. 1871 मध्ये करदात्यांनी चळवळ केली. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी आयुक्ताचे अधिकार काढून घेण्याऐवजी त्यांवर निवडून आलेल्या सभेचा अंकुश असावा, अशी भूमिका मांडली. 1872 व पुढे 1888 च्या कायद्यांत हेच तत्त्व स्थिर झाले आणि 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यानेही कार्यकारी अधिकार आयुक्ताकडेच ठेवले. 1998 मध्ये मुंबई व नागपूर येथे 'मेयर इन कौन्सिल' पद्धतीचा प्रयोग झाला, तथापि तो अल्पजीवी ठरला.

नगरपालिकांची गोष्ट वेगळी होती. 1965 च्या कायद्याने पालिकेच्या आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य नगराध्यक्षावर सोपविले. मुख्याधिकारी शासनाचा असला तरी गावात शब्द चाले तो नगराध्यक्षाचा, आणि अनेकदा नगराध्यक्षामागे उभ्या असलेल्या नेत्याचा.

निवडून आलेल्या सभेने घरे बांधावीत की नाही, हा येथे वादाचा मुद्दा नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराच्या निर्वाचित सभेने 1923 पासून गृहनिर्माणासाठी स्वतंत्र कर बसविला आणि 1934 पर्यंत 60 हजारांच्या आसपास घरे उभी केली. तेथे कर बसविणारे, घरे बांधणारे आणि मतदारांना सामोरे जाणारे एकच होते. आपल्याकडे कर्ज एकाचे, ठराव दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची आणि शब्द चौथ्याचा, अशी स्थिती राहिली.

जळगावची घरकुल योजना

जळगाव नगरपालिकेवर सुरेश जैन यांच्या गटाचे दीर्घकाळ वर्चस्व होते. 1980 पासून ते जळगावचे विधानसभेत प्रतिनिधित्व करीत होते. एकोणिसशे नव्वदच्या दशकात पालिकेने शहराच्या विविध भागांत 11 हजार 424 घरकुले बांधण्याची योजना आखली. एवढ्या आकाराच्या शहरासाठी हा संकल्प असाधारण होता. या काळातील योजनांसाठी हुडकोकडून कर्ज घेण्यात आले. घरकुलांचा मक्ता खान्देश बिल्डर्स या संस्थेस दिला गेला. प्रत्यक्षात पूर्ण झाली ती सुमारे दीड हजार घरे.

पुढे जे आक्षेप घेण्यात आले, ते मुख्यतः असे : पालिकेच्या मालकीच्या नसलेल्या जागांवर योजना मंजूर झाली, मक्तेदारास बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली गेली, आणि काम रखडल्यानंतरही वसुलीऐवजी सवलतीच दिल्या गेल्या. यांतील महत्त्वाच्या निर्णयांना सभागृहाच्या ठरावांचा आधार होता. हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावयास हवा. येथे व्यवहार अंधारात झाला नव्हता. तो विषयपत्रिकेवर येऊन इतिवृत्तात नोंदला गेला होता.

जाब विचारण्याचे तीन मार्ग

जाब विचारण्याचा पहिला मार्ग मतपेटीचा. मात्र घरकुलाची वाट पाहणारा झोपडीधारक ज्याच्याकडून घराची आशा करतो त्याच्याविरुद्ध मत देण्यास सहसा धजत नाही. जैन 2014 पर्यंत निवडणुका जिंकत राहिले. त्या वर्षी त्यांचा पराभव झाला.

दुसरा मार्ग चळवळ व चौकशी आयोगाचा. येथे अहमदनगर जिल्ह्याचा थेट संबंध येतो. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी जैन यांच्यासह तत्कालीन चार मंत्र्यांवर आरोप केले. शासनाने 2003 मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. 2005 च्या अहवालात जैन यांच्यासह काही मंत्र्यांवर ठपका ठेवण्यात आला. त्याचबरोबर हजारे यांच्याशी संबंधित हिंद स्वराज ट्रस्टच्या खर्चावरही ताशेरे ओढले गेले. आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात, ही या मार्गाची मर्यादा होय.

तिसरा मार्ग फौजदारी न्यायालयाचा. 3 फेब्रुवारी 2006 रोजी महानगरपालिकेचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी सुमारे 29 कोटी रुपयांच्या अपहाराची फिर्याद दिली. तपास अनेक वर्षे रेंगाळला. मार्च 2012 मध्ये जैन यांना अटक झाली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरविले. जैन यांना सात वर्षांची शिक्षा व 100 कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दोषींमध्ये नगरपालिकेचे तत्कालीन पदाधिकारी, नगरसेवक व अधिकारीही होते. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली व दोषींना पुढे जामीन मिळाले. म्हणून या लेखात हा निकाल विशेष न्यायालयाचा निकाल एवढ्याच मर्यादेत विचारात घेतला आहे.

विश्लेषण

ही फिर्याद 2006 मध्येच का दाखल होऊ शकली? माझ्या मते याचे एक प्रमुख कारण 2003 च्या बदलात आहे. नगरपालिकेत निर्णय घेणारे आणि कागद सांभाळणारे एकाच वर्तुळातील होते. महानगरपालिका झाल्यावर दप्तर आयुक्ताच्या ताब्यात गेले आणि जुन्या ठरावांकडे त्रयस्थ दृष्टीने पाहणारा अधिकारी त्या खुर्चीत बसला.

परंतु याच बदलाची दुसरी बाजू आहे. ज्या रचनेमुळे जुन्या नगराध्यक्षांच्या काळाचा हिशेब मागता आला, त्याच रचनेत नव्या महापौराकडे हिशेब मागण्यासारखा अधिकारच उरला नाही. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, मुदत अडीच वर्षांची. केंद्राच्या 2005 च्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानापासून 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेपर्यंत घरांचे धोरण वर ठरते आणि अंमलबजावणी आयुक्त करतो. भूमिपूजनाच्या कोनशिलेवर मात्र महापौराचे नाव असते. श्रेय आहे, अधिकार नाही. म्हणून जबाबदारीही नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली. त्या अवधीत कर्जाचे ओझे नव्या महानगरपालिकेवर, म्हणजे करदात्यांवर, पडले. न बांधलेल्या सुमारे दहा हजार घरांत जी कुटुंबे राहावयाची होती, ती या खटल्यात पक्षकार नव्हती. शिक्षेने गुन्ह्याचा निवाडा होतो, घर उभे राहत नाही. शिक्षा म्हणजेच उत्तरदायित्व असे मानणे त्यामुळे अपुरे आहे.

निष्कर्ष

जळगावचा अनुभव असे दर्शवितो की, गृहनिर्माणातील उत्तरदायित्व योजना फसल्यानंतर नव्हे, तर ठराव होताना निश्चित व्हावयास हवे. त्यासाठी जागेची मालकी सिद्ध झाल्याखेरीज निविदा निघू नये. मक्तेदारास दिलेल्या आगाऊ रकमेचा अहवाल ठरावीक मुदतीत सभेपुढे यावा. आणि गृहनिर्माणाच्या प्रत्येक ठरावावर कोणी कसे मत दिले, हे नावानिशी नोंदले जावे. 48 जणांचा खटला उभा राहू शकला यामागे नगरपालिकेच्या दप्तराचा वाटा मोठा होता. अहमदनगरसारख्या शहरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पालिकांची जुनी इतिवृत्ते जतन करून त्यांचा अभ्यास हाती घेणे, हे म्हणूनच केवळ संशोधनाचे नव्हे, नागरिकत्वाचेही कार्य ठरेल.