केनिंग्टनचे गायरान

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेस, ओव्हल या क्रिकेटच्या सुप्रसिद्ध मैदानापासून हाकेच्या अंतरावर केनिंग्टन पार्क नावाचे जे उद्यान आज दिसते, ते १८५४ पूर्वी रहिवाशांच्या वहिवाटीचे सामायिक गायरान होते. सरे परगण्याचा वधस्तंभ याच भूमीवर उभा राही. १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्डची प्रवचने ऐकण्यास येथे अफाट जनसमुदाय लोटला, आणि १७४६ साली जेकबाइट बंडातील कैद्यांना येथेच देहान्त शासन झाले.

परंतु या भूमीचा सर्वांत तेजस्वी दिवस १० एप्रिल १८४८ हाच होय. प्रत्येक प्रौढ पुरुषास मताधिकार, गुप्त मतदान आदी सहा मागण्यांची सनद मागणारे चार्टिस्ट चळवळीतील हजारो कष्टकरी त्या दिवशी येथे जमले, तेव्हा भयभीत सरकारने राजधानीचा बंदोबस्त वॉटर्लूच्या विजेत्या वेलिंग्टनकडे सोपविला आणि नदीवरील पूल मिरवणुकीस बंद केले. त्यामुळे लक्षावधी सह्यांचा तो अजस्र अर्ज भाड्याच्या घोडागाड्यांतून पार्लमेंटकडे रवाना करावा लागला. मिरवणुकीच्या संयोजकांपैकी विल्यम कफी हा कृष्णवर्णीय शिंपी, एका मुक्त गुलामाचा पुत्र, त्याच वर्षी जन्मठेप काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र ठरला. विल्यम किल्बर्नने त्या सभेचे घेतलेले चित्र जनसमूहाच्या आद्य छायाचित्रांत गणले जाते. पुढे १८५२ च्या कायद्याने गायरानास कुंपण पडले. जेथे जनता जमली तीच जागा इतक्या लवकर बंदिस्त व्हावी, हा निव्वळ योगायोग मानण्यास माझे मन धजत नाही.

भूमीत दडलेला असा इतिहास वाटसरूंच्या नजरेस आणण्याची एक वाट मला एका अर्वाचीन छंदात दिसते. स्थान दाखविणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकन सरकारने हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये दूर झाली, त्याबरोबर ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि त्यातून जिओकॅशिंगचा छंद जगभर पसरला. यातील एक प्रकार मला विशेष मोलाचा वाटतो: त्यात शोधकास प्रथम स्मारकांवरील सन व अक्षरे टिपावी लागतात, आणि त्यांच्या हिशेबाने पुढचे स्थान हाती येते. केनिंग्टनमध्ये १५ ऑक्टोबर १९४० रोजी खंदकातील आश्रयस्थानावर बॉम्ब पडून जे नागरिक प्राणास मुकले, त्यांची स्मृतिशिळा आहे. हिरवळीवरून जाणाऱ्यांपैकी किती जण तिच्यापाशी थांबत असतील? पायांखालच्या भूमीचे दप्तर उघडून दाखविण्याचे सामर्थ्य या छंदात खचित आहे. म्हणून डबा लपविणाऱ्यांस माझी विनंती एवढीच, की शिळा वाचल्यावाचून तो कोणास सापडू नये अशी योजना करावी.