मुंबईचे नाव धारण करणारे रक्त

'रक्ताचे नाते' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे योजतो की, रक्ताचेही एक शास्त्र आहे आणि ते नात्यागोत्याला जुमानीत नाही, याचे आपणांस विस्मरण होते. सख्ख्या भावाचे रक्त भावास चालू नये आणि परमुलखातील अनोळखी माणसाचे चालावे, असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. या शास्त्राच्या इतिहासातील एक पान मुंबईच्या परळ भागात लिहिले गेले. कोकण व गोमंतक येथील घराण्यांशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे ती हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परळचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'केईएम', १९२६ साली सुरू झाले. त्यास जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ज्या देणगीतून उभे राहिले, त्या देणगीस एक अट होती : तेथील अध्यापक पात्रता असलेले हिंदी लोकच असावेत. परकी अमदानीत वैद्यकीय शिक्षणातील मानाच्या जागा आपल्या लोकांना दुर्मिळ होत्या. संधी मिळाल्यास आमचे लोक काय करू शकतात, याचे उत्तर या संस्थेने पुढे कृतीनेच दिले.

१९०१ साली कार्ल लांडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे ए, बी, एबी व ओ ही चौकट रूढ झाली आणि ती पुरी आहे असे सर्वत्र मानले गेले. केईएममधील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांना मात्र या चौकटीत न बसणारे रक्त आढळले. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' दिसे. परंतु दुसऱ्या 'ओ' रक्ताशी मिसळताच त्या रक्ताच्या पेशींच्या गुठळ्या होत. चाचणीत काही चूक झाली असेल, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. या संशोधकांनी तसे केले नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यांनी आपला निष्कर्ष १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या रक्ताचे मर्म घराच्या उपमेने ध्यानी येईल. रक्तपेशीवर 'एच' नावाचे द्रव्य असते. ते जणू घराचे जोते. त्यावर 'ए' किंवा 'बी' हा मजला चढतो. 'ओ' गटात मजला नसतो, पण जोते शाबूत असते. या नव्या गटात जोतेच नसते. त्यामुळे 'ए' वा 'बी'चा वारसा असला तरी तो पेशीवर प्रकट होत नाही, आणि ज्या रक्तात 'एच' आहे असे कोणतेही रक्त, 'ओ' गटाचेसुद्धा, अशा माणसाच्या शरीरास शत्रूवत् वाटते. १९५५ साली अमेरिकेतील फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वरकरणी 'ओ' दिसणाऱ्या मातेकडून 'बी'चा वारसा कन्येकडे गेला होता. त्यांनी या प्रकारास 'बॉम्बे' हे नाव दिले. ते आजही रूढ आहे.

भारतात साधारणतः दहा हजारांत एखाद्याचेच रक्त या गटाचे असते; युरोपात ते त्याहूनही फार विरळ. येथील नोंदींत कोकण, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक व गोमंतक येथील माणसे आढळतात. हा दोष आईकडून व वडिलांकडून असा दुहेरी आला तरच प्रकट होतो. म्हणून मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या, किंवा मोजक्याच घराण्यांत सोयरिकी होणाऱ्या समाजांत त्याचा संभव वाढतो. आमच्या ज्ञातींनी हे लक्षात घ्यावयास हवे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापिले आणि या अभ्यासास कायमचे घर मिळाले. परंतु प्रयोगशाळेतील ज्ञान खाटेवरील रोग्यापर्यंत पोहोचण्यास समाजाचा हात लागतो. साठविलेले रक्त थोडे आठवडेच टिकते. म्हणून अशा रोग्यास जिवंत, परिचित दाताच हाताशी असावा लागतो. आपले रक्त 'ओ' आहे असे मानणाऱ्या एखाद्याचा खरा गट ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी उघड झाला, तर दाता शोधावयाचा कोठे?

आमच्या देवस्थानांनी महाजनांच्या कुळांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. उत्सवाच्या निमित्ताने भरणाऱ्या रक्तदान शिबिरांत 'ओ' गटाच्या रक्ताची ही अधिक तपासणी रक्तपेढीकडून करून घ्यावी, व ज्यांची संमती असेल त्यांची नावे पेढीच्या दुर्मिळ दात्यांच्या यादीत जावीत, एवढे कार्य त्यांना सहज शक्य आहे. परळच्या त्या संशोधकांनी न जुळणाऱ्या रक्ताची दखल घेतली. त्या रक्ताच्या माणसाची दखल आता आपण घ्यावयाची आहे.