कोष्टक वाचणारे आणि न वाचणारे

1973 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पोषणमूल्यांचे कोष्टक छापण्याचे नियम केले. त्यात एक मेख होती. पदार्थात पोषकद्रव्ये वरून घातली असतील किंवा पौष्टिकतेचा दावा केला असेल, तरच कोष्टक सक्तीचे, एरवी ऐच्छिक. त्यामुळे कोष्टक असलेला माल बहुधा प्रकृतीची आधीच काळजी असलेल्या गिऱ्हाइकाकडेच जाई. पुढच्या पाहण्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रिया, कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त शिकलेले आणि पथ्यावर असलेले लोक ते अधिक वाचताना आढळले.

ॲलन मॅथिऑस या अर्थशास्त्रज्ञाचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यात सर्वांत बोलका वाटतो. विषय किरकोळ: सॅलडवर घालायचे ड्रेसिंग. 1990 च्या कायद्याने आलेली सक्ती 1994 मध्ये लागू झाली. त्याआधी कमी चरबीच्या बाटल्यांवर कोष्टक असे, जास्त चरबीच्या बहुतेक बाटल्यांवर नसे. तर्काने पाहिले तर कोष्टक नसणे हीच कबुली. (जो सांगत नाही तो लपवतो, हे आपल्याला सोयरीक जमवताना बरोबर कळते, दुकानात कळत नाही.) गिऱ्हाइकाला ती कबुली कळत असती, तर सक्तीने काहीच बदलले नसते. प्रत्यक्षात सक्तीनंतर सर्वाधिक चरबीच्या ड्रेसिंगचा खप घटला.

तरीही लाभ वाचणाऱ्यालाच, असे मी बरीच वर्षे मानत होतो. ट्रान्स फॅटच्या इतिहासाने मला ते मत बदलायला लावले. 1 जानेवारी 2006 पासून अमेरिकेत कोष्टकात ट्रान्स फॅटची ओळ सक्तीची झाली. तो आकडा छापण्यापेक्षा अनेक उत्पादकांनी कृतीच बदलली. 2000 ते 2009 या काळात तिथल्या गोऱ्या प्रौढांच्या रक्तातील ट्रान्स फॅटचे प्रमाण 58 टक्क्यांनी उतरले. न्यूयॉर्कने उपाहारगृहांवर घातलेल्या निर्बंधांसारख्या गोष्टींचाही त्यात वाटा असणार, पण एक खरे: बिस्किटाचा पुडा कधी उलटून न पाहणाऱ्याच्या पोटातही तो बदल गेला.

आपल्याकडे ट्रान्स फॅट घरोघरी पोचले ते वनस्पती तुपातून. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत दिवाळीच्या शंकरपाळ्या त्यातच तळल्या गेल्या आणि रिकाम्या डब्यात तुळस लागली. हे तूप वाण्याकडून सुटे तोलूनही येई. तिथे कोष्टक छापणार कशावर? म्हणून भारतापुरता मला छापील ओळीपेक्षा जानेवारी 2022 पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर आलेली 2 टक्क्यांची मर्यादा मोठी वाटते. तिला वाचक लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या फरसाणवाल्याच्या सुट्या चकलीवर आजही कोष्टक नाही. ती ज्या तेलात तळली, त्या तेलाच्या डब्यावर आहे. पण तो डबा भट्टीपाशी असतो, आणि गिऱ्हाईक उभे असते काउंटरच्या अलीकडे.